सकाळचं डोकं

अकोल्यात उन्हाळ्यात घरून काम करायचं तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे दुपारी आपलं डोकं चालत नाही. मी अमरावतीची, म्हणजे उन्हाला नवखी नव्हे. तरी हे मान्य करायला मला दोन उन्हाळे लागले. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी शाळेच्या ऑनलाइन धड्यांतल्या चुका शोधते. पहाटे उठून बसले की चूक स्वतःच हात वर करते. तेच पान दुपारी वाचलं, तर कूलरच्या घरघरीत सगळंच बरोबर वाटतं. म्हणून मी कामाची वाटणी घड्याळावर न करता डोक्यावर केली. अवघड धडे सकाळी, जेवणानंतर नुसती मेलची उत्तरं आणि फायलींना नावं देणं, ऊन उतरलं की पुन्हा थोडं वाचन. ही घडी चांगली बसली होती.

कंपनीने या विषयावर एक व्याख्यानही ठेवलं होतं. एक उत्साही तरुण स्क्रीनवर सांगत होता की दुपारी मरगळ आली की बाहेर मोकळ्या हवेत जरा चालून यावं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी माइक बंद असल्याची खात्री केली आणि पोटभर हसले.

यंदा वाळवणं सुरू झाली आणि माझी घडी विस्कटली. आमच्या गल्लीत कुरडया कुणी एकटी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, आणि दर घरातून एक बाई पहाटे मदतीला. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक शिजताना सारखा ढवळावा लागतो, मग गरम असतानाच गच्चीवर नेऊन सोऱ्याने कुरडया घालायच्या. सगळं ऊन चढायच्या आत. आमच्या घरून इतकी वर्षं सासूबाई जायच्या. यंदा त्यांचे गुडघे फार दुखायला लागले, तेव्हा बायकांनी मला हाक मारली.

"तू त घरीच असते वो," शेजारच्या काकू म्हणाल्या. "लॅपटॉप थोडा उशिरा उघडला त काय बिघडते?"

मलाही तसंच वाटलं. तास तर तेवढेच भरणार होते, फक्त उशिरा. आणि खरं सांगायचं तर मला मजाही आली. गप्पा व्हायच्या, वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून मिळायचा. पण घरी येऊन कामाला बसेपर्यंत खांदे भरून आलेले असायचे, आणि ऊन गच्चीवरून खाली घरात उतरलेलं असायचं. समोर उघडायचे ते अवघड धडे. एके दिवशी त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोनशे अंश, असं सांगणारं उत्तर मी बरोबर म्हणून पुढे पाठवलं. तो धडा तसाच मुलांपर्यंत पोचला.

मॅनेजर मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "घरून झेपत नसेल तर जूनपासून पुण्याला ये. हा महिना बघू." नवऱ्याची नोकरी अकोल्यातली, मुलगी तिसरीत. मी गेले तर घराचे दोन तुकडे, नाही गेले तर नोकरी गेली. मी घाबरले. कडक चहा पिऊन पाहिला, मानेवर ओला पंचा ठेवून पाहिला, अलार्म लावून दुपारी झोपून पाहिलं. झोपून उठल्यावर तर जास्तच बधिर व्हायला झालं. शेवटी मी सासूबाईंजवळ जाऊन बसले.

"आई, मी उद्यापासून कुरडयाइले नाही जात. सकाळीच माहं डोकं चालते. ते तिथं गेलं त कामाले काही उरत नाही."

"असंच राहिलं त पुण्याले जा लागन काय तुले?"

"लागन."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार ओढून कामाला बसले. काकूंची हाक आली आणि सासूबाईंचं उत्तर ऐकू आलं, "तिची ड्यूटी हाय सकाळी. मी येतो." मला वाटलं, तिथे खुर्चीवर बसून चार गप्पा करतील, त्यांचाही वेळ जाईल. माझं काम झकास होऊ लागलं. घर शांत असायचं, कुणी दार वाजवायचं नाही. मला माझ्या शिस्तीचं कौतुक वाटू लागलं.

महिनाअखेरीची बैठक मी मुद्दाम सकाळी मागून घेतली. "एकही चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथूनच कर काम. पण काय बदललंस, ते बाकीच्यांनाही सांग. पुढचं व्याख्यान तूच दे." मी लगेच हो म्हटलं आणि सासूबाईंना सांगायला बाहेर पडले. त्या दिवशी कुरडया काकूंकडे होत्या. पहिला मुद्दा कोणता घ्यायचा, हे मनात जुळवतच काकूंचा जिना चढले.

सासूबाई गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. पदर ओला करून डोक्यावर घेतलेला, दोन्ही गुडघ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आवळलेल्या, हातात पाखरं हाकायची काठी. काठी धरलेल्या तळव्यावर चीक ढवळून आलेले फोड होते, काही फुटलेले, काही नवे. महिनाभर आम्ही एका घरात जेवत होतो आणि मी तो हात पाहिला नव्हता. माझे सगळे मुद्दे तिथेच संपले. माझी ताकद मी वाचवली नव्हती, त्यांची खर्च केली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आई, पुण्याले नाही जा लागत."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि भिंतीला धरून उठल्या.

"मंग बस इथं. मी जाऊन झोपतो," त्या म्हणाल्या. "महिना झाला, डोयाले डोया नाही लागला."