मैलभरावरची धूळ

आमच्या घरात बंदूक बायकोची आहे. मी फक्त धूळ बघतो.

हे सांगितलं की इथली, टेक्ससमधल्या प्लेनोतली मराठी मंडळी माझ्याकडे सहानुभूतीने बघतात, म्हणून खुलासा करतो. शलाका, म्हणजे माझी बायको, कॉलेजात असताना एनसीसीत होती आणि तिची नेमबाजी चांगली होती. आमची मुलगी रेवा शिकायला ऑस्टिनला गेली आणि घर रिकामं झालं. अशा वेळी इथल्या बाकीच्या बायका योगाचा क्लास लावतात. शलाकाने टेक्ससला शोभेल असा छंद काढला. मैलभरावर एक लोखंडी पाटी उभी करायची आणि ती गोळीने वाजवायची.

मैलभर लांब गोळी पोचायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. बंदुकीच्या धक्क्यामुळे मारणाऱ्याला ती कुठे पडली ते नीट दिसत नाही. म्हणून त्याच्या मागे एक माणूस तिपाईवर दुर्बीण लावून बसतो. या दुर्बिणीला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. गोळी चुकली की पाटीच्या आसपास धूळ उडते, ती कुठे उडाली ते या माणसाने सांगायचं. तो माणूस मी. मी विमा कंपनीत जोखमीची आकडेमोड करतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे गुणवत्तेवर आलं असं माझं मत होतं. (शनिवारी सकाळी घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं, असं शलाकाचं मत आहे.)

अडचण एवढीच होती, की मला धूळ दिसायची नाही.

नेमबाजीच्या दोन-तीन मॅचेस अशा गेल्यावर शलाका शांतपणे म्हणाली, "विनायक, पुढच्या वेळी धूळ दिसली नाही, तर मी हँकला बसवणार."

हँक आमचा शेजारी, तोही नेमबाज. रिटायर्ड माणूस, बाराही महिने चौकड्याचा शर्ट. त्याच्या जुन्या स्कोपला जागोजागी चिकटपट्टी लावलेली आहे, आणि त्यातून त्याला सगळं दिसतं. मला नोकरीवरून काढलं असतं तरी मी सहन केलं असतं, पण स्वतःच्या बायकोच्या मागून उठवून तिथे शेजाऱ्याला बसवणार, हे मंडळाच्या गणपतीत लोकांना कसं सांगायचं? मी ठरवलं. दोष माझ्या डोळ्यांचा नाही, दुर्बिणीचा आहे. दुर्बीण बदलायची, आणि ती अशी निवडायची की पुन्हा कोणी हँकचं नाव काढता कामा नये.

मी एक्सेल उघडलं. पुढच्या भिंगाचा व्यास, किती पट मोठं दिसतं, काचेची जात, वजन, डोळा लावायची नळी सरळ की तिरकी, आतल्या मोजमापाच्या रेघा शलाकाच्या रायफलीवरल्या रेघांशी जुळतात की नाही, अशा प्रत्येक गोष्टीला मी गुण ठेवले. शलाका म्हणाली, हँकने दुकानात जाऊन पहिली दिसली ती घेतली होती. मी म्हटलं, म्हणूनच तिला चिकटपट्टी लावावी लागली.

पण कागदावर सगळ्याच दुर्बिणी क्रिस्टल क्लिअर असतात. प्रत्यक्ष परीक्षा हवी. माझी आई सध्या आमच्याकडे राहायला आली आहे, तिने सांगलीहून येताना भिंतीवरची मराठी दिनदर्शिका आणली होती. तिच्यात संकष्टीच्या चौकटीत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या असतात. याच्याहून कडक परीक्षा कुठल्याही प्रयोगशाळेत नसेल! परत करायच्या बोलीवर मी चार स्कोप मागवले आणि ते वरच्या बेडरूमच्या खिडकीत मांडले. रेवा वीकेंडला आली होती, तिला घरामागच्या तळ्यापलीकडे दिनदर्शिका धरून उभं केलं.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "बाबा, लोक बघतायत. धिस इज सो एम्बॅरसिंग."

"पान हलवू नकोस," मी म्हणालो, "रत्नागिरी वाचतोय."

ज्या स्कोपमधून रत्नागिरीचा आणि नागपूरचा चंद्रोदय वेगवेगळा वाचता आला, तो पास. मी चौथ्या स्कोपवर असताना आमच्या वस्तीच्या ग्रुपवर मेसेज आला, की एक माणूस वरच्या खिडकीतून भलीमोठी दुर्बीण लावून तळ्यावरच्या मुलीकडे बघतोय, पोलिसांना बोलवायचं का? शलाकाने लगेच उत्तर टाकलं. तो माझा नवरा आहे, ती त्याचीच मुलगी आहे, आणि ते दोघं चंद्रोदयाची वेळ बघतायत. भर दुपार होती. 

शेवटी एक स्कोप पक्का झाला. पुढचं भिंग वरणाच्या वाटीएवढं, काच अशी की तिच्या जातीवर कंपनीने चार पानं लिहिलेली. मी घरात नियम केला, की भिंगाला कोणी हात लावायचा नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही.

मॅचच्या आदल्या दिवशी दसरा होता. आईने पाटावर रायफल ठेवली (गोळ्या आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवायचा दांडा, दुसऱ्या खोलीत कुलपात), माझा लॅपटॉप ठेवला, रेवाची लहानपणची पाटी ठेवली, स्कोप ठेवला. मी बाजूच्या टेबलावर ऑफिसच्या लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशीचा वारा, उष्णता आणि उंची यांचं कोष्टक करत होतो. आईने विचारलं, "विनू, सरस्वती कुठे काढू?" मी मान वर न करता सांगितलं, "पुढच्या बाजूला काढ, सपाट आहे तिथे." एका कॉलममधली चूक मला सापडत नव्हती, हे इथे लक्षात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेला दोन तास ड्राइव्ह करून रेंजवर पोचलो. आईसुद्धा बरोबर होती, धपाट्यांचा डबा घेऊन. मी तिपाई रोवली, मागून हात घालून भिंगावरचं झाकण उघडलं, आणि डोळा लावला. दृश्य मऊ होतं. सोनेरी होतं. थोडं धुकटही होतं, पण ते तापलेल्या जमिनीवरचं मृगजळ हे मी लगेच ओळखलं. हँक शेजारच्या जागेवर होता. त्याला मी समजावलं, की स्वस्त काचेत रंग निळसर येतात, उंची काचेत असा उबदारपणा येतो. त्याने माझ्या स्कोपमधून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि सभ्यपणे म्हणाला, उबदार आहे खरा.

शलाकाने पहिली गोळी मारली. मी डोळे फाडून बघितलं. सोनेरी धुकं जागचं हललं नाही.

"बोल," ती म्हणाली.

"डावीकडे गेली असणार."

"असणार?"

"वाऱ्याच्या हिशोबाने."

तिने माझ्या हिशोबाने नेम सरकवला आणि दुसरी गोळी मारली. पाटी वाजली नाही. मी कोष्टक पुन्हा बघितलं आणि आता उजवीकडे सांगितलं. तिसरी. मग थोडं वर. चौथी. मी ठामपणे बोलत होतो. माझ्या धंद्यात आकडा ठामपणे सांगितला की निम्मं काम होतं.

शलाकाने रायफलीवरची मान उचलून मागे बघितलं. "विनायक, मला गणित नकोय. धूळ कुठे उडाली ते सांग."

"मृगजळ फार आहे आज."

"हँक," तिने शेजारी विचारलं, "मृगजळ आहे का?"

हँकने आकाशाकडे बघितलं. त्याच्या मते वर्षातली सगळ्यात स्वच्छ सकाळ होती.

फेरी संपली. आमच्या नावापुढे शून्य. मी तिपाईसकट स्कोप उचलून सावलीत आणला, आई तिथे घडीच्या खुर्चीत बसली होती. रेंजचा नियम कडक आहे, गोळीबार चालू असताना कोणीही रांगेच्या पुढे जायचं नाही. त्यामुळे त्या दिवशी स्कोपला पुढून बघणारी आई पहिलीच.

ती समाधानाने म्हणाली, "बरं झालं, सरस्वती पुसली नाहीस. उत्तरपूजा राहिलीय अजून."

मी स्कोप माझ्याकडे वळवला. भिंगावर, बरोबर मधोमध, ओल्या हळदकुंकवाने काढलेली सरस्वती होती. पाटीवर काढतात तशी, एकाच्या आकड्यांची. सगळे आकडे सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर. आमच्या घराण्यात नीटनेटकेपणा कुठून आला ते स्पष्ट दिसत होतं.

"आई, ही काच आहे!"

"मला कळतंय रे, काच आहे ती. तूच म्हणालास, सपाट आहे तिथे काढ. काळी गोल होती, मला पाटीसारखी वाटली. मग झाकणही लावलं नीट, पुसली जाऊ नये म्हणून."

 शलाका हँकच्या खांद्याला धरून हसत होती. काचेसाठी आणलेलं खास द्रावण आणि खास फडकं मी बॅगेत शोधत होतो, तेवढ्यात आईने मनातल्या मनात उत्तरपूजा उरकली, पिण्याच्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि चार पानांची ती काच खसाखसा पुसून टाकली. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या फेरीला मी स्कोप रोवला. आई मागोमाग खुर्ची घेऊन आली, नीट पुसलं गेलंय का ते बघायला. तिने डोळा लावला आणि त्याच वेळी शलाकाची गोळी सुटली.

"चुकली गं," आई म्हणाली. "पाटीच्या डावीकडे, खाली, त्या झुडपाच्या अलीकडे धूळ उडाली. पाटी आहे ना, तिच्या निम्मी सरक उजवीकडे. आणि जराशी वर."

शलाकाने मला काही विचारलं नाही. तिने नेम सरकवला, श्वास सोडला, गोळी मारली. दोन सेकंदं गेली. मग अजून थोडी. मग मैलभरावरून लोखंडाचा बारीक आवाज आला, देवळातली घंटा कोणीतरी लांबून वाजवावी तसा.

"वाजली," आई म्हणाली आणि डबा उघडायला वळली. शलाकाने तिला उठू दिलं नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांत गेल्या वर्षी मोतीबिंदूची भिंगं बसवली आहेत. सांगलीच्या डॉक्टरांनी बसवली, कुठलाही एक्सेल न करता.

हँकचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही, म्हणजे माझा उद्देश सफल झाला. आईने इथला मुक्काम वाढवला आहे. मॅचला मी तिपाई रोवतो, झाकण काढतो, पुढून एकदा बघून घेतो आणि बाजूला उभा राहतो. आईची एकच तक्रार आहे, ती घडीची खुर्ची पाठीला टोचते. ती मी मनावर घेतलीय. सध्या चार खुर्च्या परत करायच्या बोलीवर मागवल्या आहेत आणि गुण देणं चालू आहे. हँकने मात्र आईला स्वतःची खुर्ची देऊ केली आहे, आणि काल रेवाचा फोन आला तेव्हा आई म्हणत होती, ती खुर्ची अगदी छान आहे.