फटफटीचा आवाज आणि कानातली शिट्टी

पहिल्यांदा मला वाटलं, कुकर आहे. दुपारची वेळ होती. वीज गेली होती, पंखा थांबला होता आणि मी जेवून खुर्चीत पडलो होतो. कुठूनतरी बारीक, न थांबणारी शिट्टी येत होती.

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, कुकर बंद कर. किती वेळ वाजतोय!"

बायको हात पुसत दारात आली. "जेवणं होऊन तास झाला. कुकर घासून पालथा घातलाय," म्हणाली.

मी उठलो. फ्रिज बंद होता, नळ बंद होते. जिन्यात गेलो, गच्चीवर गेलो, खाली पार्किंगमध्ये जाऊन विजेच्या मीटरला कान लावून पाहिला. शिट्टी माझ्याबरोबर सगळीकडे आली. मग मी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले, तर ती मोठी झाली. तेव्हा कळलं, ती बाहेर कुठे नव्हतीच.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणीसाठी मला एका छोट्या बंद खोलीत बसवलं. खोली कसली, कपाटच. कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. दार लागलं आणि बाहेरचं जग पुसून गेल्यासारखं झालं. आत फक्त मी आणि ती शिट्टी. यंत्राचा आवाज कुठला आणि माझा कुठला, काही समजेना. मी बटण दाबतच राहिलो. शेवटी बाईंनी दार उघडून विचारलं, "आपण कशासाठी दाबताय? मी अजून सुरूच केलेलं नाही."

नंतर त्यांनी विचारलं, "गाडी कुठली चालवता?"

"मोटरसायकल. तीस वर्षं झाली."

"कानात काही घालता?"

"हेल्मेट घालतो ना."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, हेल्मेटच्या आत वारा केवढा गर्जतो ते तुम्हाला सवयीनं जाणवत नसेल. वर गाडीचा आवाज. कानाच्या आतलं जे गेलंय ते आता परत येणार नाही. शिट्टीवर औषध नाही. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही, एवढंच."

म्हणजे मी आयुष्यभर एका बंद खोलीत शिट्टीबरोबर बसायचं आणि तिच्याकडे बघायचं नाही.

गाडीबद्दल सांगितलं पाहिजे. नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढण्याची होती. दिवसभर मान खाली आणि टोक केलेली पेन्सिल. मोटरसायकल हीच काय ती चैन. निवृत्त झालो त्याच महिन्यात नाना पेठेत जाऊन मी तिचा मूळ सायलेन्सर काढला आणि दुसरा, मोकळा, दणदणीत आवाजाचा बसवून घेतला. आमचा आठ जणांचा गट होता, सगळे पंचावन्नच्या पुढचे. दर रविवारी पानशेत नाहीतर मुळशीच्या बाजूला जायचो, मिसळ खाऊन अकराच्या आत घरी. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सकाळी सव्वासहाला गाडी सुरू करायचो. इंजिन तापू द्यायला दोन-तीन मिनिटं तशीच ठेवायचो. भिंतींवर तो आवाज आपटून परत यायचा तेव्हा छाती भरून यायची, हे खोटं कशाला सांगू.

पार्किंगला लागून तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांची झोपायची खोली नेमकी माझ्या गाडीच्या समोर. एकदा नोटीस बोर्डावर वळणदार अक्षरात कागद लागला: 'पहाटे वाहन फाटकापर्यंत ढकलत न्यावे. घरात आजारी माणूस आहे. — तळमजला.'

मी पेन काढून त्याखाली लिहिलं: 'वाहन ढकलण्यासाठी नसून चालवण्यासाठी असते. — दुसरा मजला.'

सोसायटीत हशा पिकला. गटात तर त्या कागदाचा फोटो फिरला. बाईंनी कागद काढला नाही आणि पुन्हा कधी काही लिहिलंही नाही. पुढच्या वर्षी त्यांचे यजमान गेले. मी भेटायला गेलो, दहा मिनिटं बसलो. त्यानंतरचा एक रविवार गाडी ढकलत नेली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जागेवरच सुरू केली.

शिट्टी सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी आम्ही दोघं जर्मनीला गेलो. मुलीचं बाळंतपण होतं. तीन महिने राहायचं होतं.

लोक सांगतात, तिकडे काय शांतता आहे! ती शांतता मला खायला उठली. इथे रिक्षा, भाजीवाला, बांधकामाची ठोकाठोक यांच्यात शिट्टी अर्धी झाकली जायची. तिथे खिडक्यांना जाड दुहेरी काचा. खिडकी लावली की डॉक्टरांकडची ती कपाटासारखी खोलीच. बाळ झोपलेलं, बायको आणि मुलगी त्याच्याभोवती, जावई कामावर, आणि मी बैठकीत मासिकं चाळत, कानात कुकर घेऊन. एकदा रविवारी भिंतीला खिळा ठोकायला हातोडी उचलली तर मुलगी धावत आली. "बाबा, नको! आज रविवार आहे. खालचे लोक तक्रार करतील."

"एका खिळ्याची?"

"एका खिळ्याची."

तिसऱ्या रविवारी मला लांबून ओळखीचा आवाज आला. मोटरसायकली, एकामागून एक. मी मुलीला न सांगताच बूट घातले आणि डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. तासभर चाललो असेन. वळणावर एक लाकडी टपरी होती आणि तिच्यासमोर पंचवीस-तीस गाड्या तिरक्या उभ्या. बाकांवर माणसं कॉफी पीत होती. बहुतेक माझ्याच वयाची. मी जाऊन एका जुन्या गाडीपुढे उभा राहिलो. बोलायला भाषा नव्हती. हात मागे बांधून प्रदर्शनात बघतात तसा बघत राहिलो.

गाडीची मालकीण आली. साठीच्या पुढची, पिकल्या केसांची वेणी घातलेली. "तुमच्याकडे आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं. तिचं इंग्रजी माझ्याएवढंच होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी फोन काढून माझ्या गाडीचा फोटो दाखवला. तीन-चार जण जमले. कुणी टाकीवर बोट ठेवलं, कुणी वर्ष विचारलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी कुणाचा तरी बाबा किंवा सासरा नव्हतो. मला इतका आनंद झाला की मी व्हिडिओच लावला. पार्किंगमध्ये गाडी सुरू करतानाचा. आवाज पूर्ण मोठा करून.

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. एक जण उठून कॉफी आणायला निघून गेला.

तिनं हळूच माझ्या फोनचा आवाज कमी केला. विचारलं, "ही तुमच्या घराजवळची जागा आहे?"

"हो."

"लोक राहतात तिथे?"

मी हो म्हणालो आणि फोन खिशात घातला. तिनं जॅकेटच्या खिशातून छोटी डबी काढली. आत कानात घालायचे मऊ बोळे होते. हे घालूनच चालवायची, असं तिनं खुणेनं सांगितलं. मग स्वतःच्या डाव्या कानावर बोट ठेवून ती म्हणाली, "मी उशिरा सुरू केले. आता इथे आवाज आहे. रोज."

 मग मीही कानावर बोट ठेवलं आणि तोंडानं बारीक आवाज काढला, "ईईईई."

ती मान हलवून म्हणाली, "नाही नाही. माझा खाली आहे. ऊऊऊ."

भर रस्त्यात दोन म्हातारी माणसं एकमेकांना आपापला आवाज काढून दाखवत होती. बघणाऱ्यांना वेड लागलंय वाटलं असेल. मला मात्र रडू येईल असं वाटलं. बायकोला, मुलीला, डॉक्टरांना, कुणालाच मला तो आवाज समजावून सांगता आला नव्हता.

तिनं मला मागे बसवून घरापर्यंत सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मागे बसलो. गावाच्या तोंडाशी एक विजेवर चालणारी पाटी होती. गाडी हळू गेली की तिच्यावर आभाराची अक्षरं उमटायची. तिथे तिनं वेग इतका उतरवला की इंजिन पुटपुटायला लागलं. एका घरापुढे एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. तिनं हात वर केला. त्यानं नुसतं घड्याळात बघितलं.

उतरताना मी विचारलं, "तो ओळखीचा आहे?"

"अकरा वर्षं हात करते," ती म्हणाली. "पूर्वी मी फार आवाज करत जायची. तो अजून हात करत नाही."

त्यानंतर दर रविवारी मी तिथे गेलो. मग तीन महिने संपले.

पुण्यात आल्यावर पहिलं काम केलं ते सायलेन्सर बदलण्याचं. जुना, कंपनीचा परत बसवला. नाना पेठेतला मेकॅनिक दोनदा म्हणाला, "काका, नक्की ना? लोक उलटं करून घेतात." मी नक्की म्हणालो.

पहिल्याच रविवारी गटानं मला धरलं. "काय रे, गाडी आजारी आहे?" "अरे, जर्मनीहून आलाय तो, आता कुजबुजणार." मी तिकडून आणलेले कानातले बोळे दाखवले तेव्हा तर मिसळ बाजूला राहिली आणि माझाच रस्सा झाला. मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. एक जण, माझा पस्तीस वर्षांपासूनचा मित्र, जरा गंभीर झाला. म्हणाला, "हे बघ, आवाज नसला तर ट्रकवाल्याला कळणार कसं आपण बाजूला आहोत ते?" त्याचं म्हणणं मला पूर्ण खोडता येईना. परतताना सात मोकळ्या सायलेन्सरच्या मागे मी आठवा. बोळे घालूनही कान दुखले. घरी येऊन दुपारभर शिट्टी इतकी चढली की मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलो.

पुढच्या रविवारी गेलो नाही, त्याच्या पुढच्याही. कुणी फार आग्रह केला नाही. मी बाल्कनीत बसायला लागलो. बाल्कनीला लोखंडी जाळी आहे. खालून नव्या पोरांच्या गाड्या फटाके फोडल्यासारख्या जायच्या आणि मी प्रत्येक वेळी दचकायचो, शिव्या द्यायचो. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "अहो, तळमजल्यावर हे इतकी वर्षं ऐकलंय कुणीतरी."

ते मला माहीतच होतं. तिनं बोलायला नको होतं, असं वाटलं. आठ दिवस मी ते टाळलं. जिन्यातून उतरताना बाईंच्या दाराकडे बघायचं नाही, असं चाललं होतं. शेवटी एका सकाळी दहा वाजता जाऊन बेल वाजवली. दार उघडायला फार वेळ लागला. बाई खूप वाळल्या होत्या.

मी ठरवलेलं वाक्य हळू आवाजात बोललो. "बाई, गाडीच्या आवाजाचा आपल्याला त्रास झाला. माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं, म्हणतोय. गाडीचा आवाज—"

"अहो, जोरात बोला! दोन वर्षं झाली, मला फारसं ऐकू येत नाही. मशीन कानात टिकत नाही."

मी घसा खाकरून मोठ्यानं बोललो. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. आता परत फिरणं शक्य नव्हतं. मी छाती भरून ओरडलो, "माझं चुकलं! गाडीच्या आवाजाबद्दल! मी माफी मागायला आलोय!"

सगळ्या जिन्यात ते घुमलं. आणखी दोन दारं उघडली.

"कळलं," बाई म्हणाल्या. "ओरडू नका."

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाल्या, "ह्यांना दुखण्यानं झोप नव्हती. गोळी घेऊन पहाटे चारला डोळा लागायचा. सव्वासहाला तुम्ही उठवायचात. रविवारीच फक्त, हे कबूल. बाकीचे सहा दिवस झोप मिळायची."

"सायलेन्सर बदललाय," मी ओरडून सांगितलं. "आता आवाज येत नाही."

"मला कसं कळणार ते?"

 मी वळायला लागलो तेव्हा त्यांनी दार पूर्ण उघडलं. "माफ वगैरे मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "चहा घेणार असाल तर टाकते."

मी आत गेलो. घरात टीव्ही नव्हता, रेडिओ नव्हता, पंखाही बंद होता. खुर्चीत बसल्याबरोबर शिट्टी दोन्ही कानांत भरून आली. बाई कप ठेवून समोर बसल्या आणि यजमानांच्या शेवटच्या वर्षाबद्दल सांगू लागल्या, सगळं, क्रमानं, वर्गात शिकवल्यासारखं. कुठलं औषध, कुठली कूस, कुठल्या दिवशी काय खाल्लं. मला उठून पळून जावंसं वाटत होतं. पार्किंगकडची ती खिडकी माझ्या समोरच होती आणि तिच्यातून माझी गाडी अगदी हाताच्या अंतरावर दिसत होती.

चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "अजून अर्धा कप?"

मी मान डोलावली.