सहकुटुंब, सहपरिवार, आवर्जून यावे

काशीराम शिवलकरला रंगमंचावर कुणी कधी पाहिलं नाही, पण नाटक लागलंय हे साऱ्या रत्नागिरीला कळायचं ते त्याच्याच तोंडून. रिक्षावर भोंगा बांधून तो मांडवीपासून मारुती मंदिरापर्यंत फिरायचा. "रसिकहो, आज रात्री आपल्या श्रीरंग थिएटरात..." अशी सुरुवात, आणि शेवटी आवाज उंच चढवून, "सहकुटुंब, सहपरिवार, आवर्जून यावे!" त्यातला 'आ' तो इतका लांबवायचा की आमच्या आळीतली पोरं तेवढ्यात रिक्षाभोवती एक फेरी मारून यायची.

श्रीरंग एका आंबा व्यापाऱ्याने हौसेने बांधलेलं. लाकडी खुर्च्या, वर पत्रे. पाऊस जोरात लागला की नटांना अक्षरशः बोंबलावं लागे. तरी मुंबईच्या कंपन्या यायच्या, गावोगावची मंडळं स्पर्धेला उतरायची. काशीराम मात्र खेळ सुरू झाला की बाहेर पायरीवर विडी ओढत बसे. आत बोलावलं तर म्हणे, "माझा नाटक झाला."

मग घरोघरी टीव्ही आले. प्रयोग कमी झाले, थिएटरात लग्नं लागू लागली, साड्यांचे सेल भरू लागले. व्यापारी वारला. मुलगे मुंबईत, त्यांच्या लेखी थिएटर म्हणजे मोक्याची जागा. कोरोनात लागलेलं कुलूप निघालं ते थेट जेसीबी आत न्यायलाच. आज तिथे सात मजली इमारत उभी आहे आणि तिचं नावही 'श्रीरंग'च आहे. एवढा निर्लज्जपणा अंगी यायलाही नशीब लागतं! काशीरामने तो रस्ताच सोडला.

पुढे कचऱ्याच्या ठेकेदाराने घंटागाडीसाठी त्याचा आवाज रेकॉर्ड केला. "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा..." सगळं व्यवस्थित म्हटलं, पण जन्माची सवय, शेवटी आवाज चढवून बोलून गेला, "सहकुटुंब, सहपरिवार, आवर्जून यावे!" गाव पोट धरून हसलं. काशीराम ओशाळला, पुन्हा करून देतो म्हणाला. ठेकेदार म्हणाला, राहू दे, हसत का होईना, लोक बाहेर येतात. आणि मग पुन्हा करायची वेळच आली नाही. काशीरामच्या घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र मात्र काढून टाकावं लागलं.

तेव्हापासून रोज सकाळी मुका काशीराम घरात आणि त्याचा आवाज रस्त्यावर. गाडी वळणावर आली की तो मोरीत शिरून नळ सोडायचा, पाण्याच्या आवाजात स्वतःचा आवाज कानी पडू नये म्हणून. त्याची बायको, गोदावहिनी, मात्र बादली घेऊन फाटकात आधीपासून उभ्या. बादलीत कधी केळीची एक सालसुद्धा असायची नाही. नाटकाच्या जाहिराती कुणी टेप करून ठेवल्या नव्हत्या. रोज फुकट ऐकू येणारा आवाज कोण जपून ठेवतो? आम्हीही नाही ठेवला. उरला होता तो एवढाच, कचऱ्याच्या गाडीवरचा.

यंदा गणपती झाल्यावर एका सकाळी गाडी आली ती स्वच्छतेचं गाणं वाजवीत. मी शेजारच्या माझ्या अंगणात झाडांना पाणी घालत होतो. गोदावहिनींनी गाडीवाल्या निलेशला थांबवलं.

"निलेश, ह्यांचा आवाज कुठं रे?"

"ठेकेदारान नवीन गाणं दिलान, काकी."

"आणि जुना?"

"तो पुसून त्याच पेनड्राइव्हवर हा भरलान."

"दुसरीकडं कुठं असेल. बघ ना रे, बाबा."

निलेशने मान खाली घातली. "मी विचारलं, काकी. नाय कुठं."

गाडी गेली. बादली तशीच हातात घेऊन वहिनी रस्त्यावर उभ्या राहिल्या. आज गाणं वाजलं म्हणून काशीराम मोरीत गेला नव्हता. गळ्याभोवती पंचा गुंडाळून तो दारात आला होता. त्याला पाहिलं आणि वहिनींचा बांध फुटला.

"ऑपरेशन झालं तेव्हा मी रडले नाय. लोकं नावं ठेवीत होती, बायकोच्या डोळ्याला पाणी नाय म्हणून. पण आवाज होता ना गाडीवर! रोज येत होता ना दाराशी!"

काशीरामने वहिनींच्या हातातली बादली घेतली. काही सांगायचं असावं तसे ओठ हलले, पण गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. तो आत गेला. पाठोपाठ मोरीतला नळ सुटल्याचं ऐकू आलं.

गाडी तर केव्हाच पुढच्या आळीत गेली होती.