पाटीवरची कोरी ओळ
टर्पेंटाइनचा वास आला की मला आमच्या कॉलेजचा व्हरांडा आठवतो. तिथल्या लाकडी पाटीवर दरवर्षी मुलांनी निवडून दिलेल्या अध्यक्षाचं नाव पेंटर सोनेरी अक्षरांत लिहायचा आणि ते बघायला आम्ही निकालासारखी गर्दी करायचो. त्या वर्षी सरकारनं कॉलेजातल्या निवडणुका बंद केल्या आणि सर्वांत जास्त मार्कांची मुलगी अध्यक्ष नेमली गेली. लांबच्या जरीपटका वस्तीतून सायकलनं येणारी, अबोल. पेंटरनं ब्रश बुडवला तशी ती पुढे आली. "थांबा भाऊ. ही निवडून आलेल्यांची पाटी आहे. मले कोणी निवडलं नाही." प्राचार्य चिडले, "अगं, मान मिळतोय तर नको काय म्हणतेस?" खाली बघतच ती म्हणाली, "काम सारं करीन सर. नाव नका लिहू." पेंटरनं तेवढी ओळ सोडून दिली. तिनं वर्षभर काम केलं. पुढच्या वर्षापासून नेमलेल्यांची नावं त्या ओळीखाली मुकाट चढत गेली. आता मी तिथंच शिकवतो. परवा पाटी रंगवताना नव्या पेंटरनं विचारलं, "सर, इथं कोणाचं नाव राहून गेलं काय?" म्हटलं, "राहू दे गा. ती जागा भरलेली आहे."