बोट सुटताना घेतलेलं नाव

ग्रीसच्या बेटांवर आम्ही दोघंच नऊ दिवस बोटींनी हिंडून आलो, हे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत अजूनही कोणाला खरं वाटत नाही. "टूर कुणाबरोबर केलीत?" असं विचारतात. कुणाबरोबरच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग जेवणाचं काय केलंत?" मी तेव्हा बावन्न वर्षांची, आमचे हे सत्तावन्नचे, दोघांच्या पाठीवर एकेक सॅक आणि राहण्याचा पत्ता कुठेच ठरलेला नाही. लोकांना यातलं जेवणच तेवढं महत्त्वाचं वाटतं.

कल्पना मुलीची. ती सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीने जर्मनीला पाठवलेली. त्या काळात आमच्या ओळखीतल्या घरटी एका पोराला कंपनी कुठे ना कुठे पाठवत होती, आणि आईबापांच्या कारखान्यांतून माणसं कमी होत होती. यांनाही व्हीआरएस मिळाली. शुद्ध मराठीत तिला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. इच्छा कारखान्याची होती, सही यांची. त्यानंतर दोन वर्षं हे गॅलरीत पेपर घेऊन बसत. पेपर आठ वाजता संपायचा आणि दिवस तसाच उरायचा. विचारलेल्याला उत्तर द्यायचे, पण आपण होऊन काही बोलायचे नाहीत. मी फोनवर मुलीकडे रडले. पंधरा दिवसांनी तिने विमानाची तिकिटंच पाठवली आणि म्हणाली, "आई, बाबा तरुणपणी सॅक लावून किल्ले चढायचे ना? मग लावा परत."

झालं. महिनाभर आम्ही सॅकमध्ये गहू भरून रोज टेकडी चढलो. टेकडीवर एक गृहस्थ फिरायला येत, ते सॅकमध्ये गहू आहे हे कळल्यावर म्हणाले, "काय हो, गिरणी वर हलवली का?" हे कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले. तिकिटांचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

तिकडे गेल्यावर तर यांच्यात वारंच शिरलं. कारखान्यात हे नियोजन खात्यात होते. एका लांबड्या वहीत त्यांनी सगळ्या बोटींची वेळापत्रकं उतरवून घेतली, एकीतून उतरून पुढची पकडायच्या त्या जोडबोटी लाल शाईने, पर्यायी हिरव्या. बोट दहाची असली की आम्ही आठला धक्क्यावर. पण मला ते थांबणं आवडायला लागलं. आधी क्षितिजावर पांढरा ठिपका दिसायचा, मग बघता बघता चार मजली इमारत अंगावर यायची. तिचं मागचं अजस्र लोखंडी दार साखळ्या खडखडवत खाली येऊन धक्क्यावर आडवं व्हायचं आणि पोटातून टरबुजांचा ट्रक, मोटरसायकली, कडेवर पोरं घेतलेल्या बाया सगळं एकदम बाहेर पडायचं. तेवढंच आत शिरायचं. मग दार वर, आणि निघाली बोट.

आमचं तिकीट सर्वांत स्वस्त, म्हणजे वरच्या उघड्या डेकवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तिथे मी डब्यात दही फेटत बसायची. तिकडचं दही म्हणजे अक्षरशः चक्का. साखर आणि पुण्याहून नेलेली वेलची पूड घातली की श्रीखंड तयार. समोर निळं पाणी, हातात पाव आणि श्रीखंड. मी इतकी खूश होते की मला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटायचं.

नवव्या दिवशी परतीची बोट होती, अथेन्सला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. वाटेत दोन-तीन लहान बेटांवर ती पाच-सात मिनिटं थांबणार होती.

आता इथे यांची एक सवय सांगायला हवी. हे रेल्वेने जाताना प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरतात. दौंड असो नाहीतर मनमाड, नळावर बाटली भरायची, फलाटावर चार पावलं टाकायची, आणि गाडी हलली की मी दारात जीव मुठीत धरून उभी असताना ऐटीत दांडा धरून चढायचं. गर्दीत उतरताना पाकीट माझ्याकडे द्यायचं. लग्नापासून हीच शिस्त.

पहिलं लहान बेट आलं. यांनी पाकीट आणि चष्मा माझ्या मांडीवर ठेवला, रिकामी बाटली उचलली आणि "आलोच" म्हणून जिना उतरले. मला वाटलं, बोटीतच खाली कुठे नळ असेल. मी डबा पुसून ठेवला, कठड्याशी गेले आणि खाली बघते तो काय, यांची निळी टोपी धक्क्यावर! शे-दीडशे पावलांवर एका टपरीशेजारी नळ होता, तिथे माझ्याकडे पाठ करून हे निवांत बाटली भरत होते.

बोट काही गाडी नाही. ती हळूहळू सरकत नाही आणि तिला दांडा नसतो. दार वर गेलं की मध्ये समुद्र. त्या बेटावर पुढची बोट तीन दिवसांनी, हे यांनीच वहीत लाल शाईने लिहिलं होतं. पैसे, पासपोर्ट सगळं माझ्याकडे, यांच्याकडे एक बाटली. खाली खलाशाची शिट्टी वाजली.

"अहो!" मी ओरडले. "अहो! अहोऽऽ!"

मंडईत मी अहो म्हटलं तर दहा पुरुष वळून बघतात. इथे एकही वळेना. इंजिनाच्या आवाजात माझं अहो कठड्यापाशीच विरत होतं. अठ्ठावीस वर्षं मी यांना याच एका शब्दाने बोलावलं. नाव घेतलं ते उखाण्यात, बायकांच्या घोळक्यात, मान खाली घालून. हाक मारायला कधीच नाही. आमच्या घरात ते नव्हतंच.

साखळ्या खडखडल्या. मी कठड्यावर अर्धी ओणवी झाले आणि सगळा जीव एकवटून यांचं नाव घेतलं. चार अक्षरी आहे. इथे लिहीत नाही, लिहायला आणखी वेगळी हिंमत लागते.

शेजारची काळ्या झग्यातली म्हातारी दचकली. मग तिने माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं, काय ते ओळखलं आणि माझ्यापेक्षा मोठ्याने तेच नाव ओरडली. सॅकवाली चार तरुण मुलं धावत आली आणि त्यांनी टाळ्यांच्या तालावर सुरू केलं. ज्या नावाला मी इतकी वर्षं जपलं, ते अख्खी बोट ओरडत होती.

यांनी वळून बघितलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग वर. आणि पळाले. सत्तावन्नाव्या वर्षी, बाटली छातीशी धरून, असे पळाले की काय सांगू. खलाशाने हात दाखवून दार थोपवलं, यांना दंडाला धरून आत ओढलं आणि त्याच्या भाषेत जे काही सुनावलं, त्याचा अर्थ मला वर उभ्या उभ्या कळला.

हे वर आले तेव्हा डेकवर टाळ्या पडल्या. म्हातारीने यांचा गाल धरून नाव पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, साफ चुकीचं. हे खुर्चीत बसले. मला वाटलं, आता म्हणणार, गावभर नाव काय घेतेस. ते पाण्याकडे बघत राहिले.

"मला वाटलं कंपनीतलं कोणी भेटलं," ते म्हणाले. "तिथेच नावाने हाक मारायचे. तुझं अहो, पोरीचं बाबा, सोसायटीत काका. दोन वर्षांत कोणी घेतलंच नव्हतं गं."

ज्या माणसाचा चहा किती गोड हे मी झोपेतही सांगेन, त्याचं नाव घरात कोणी घेत नाही हे माझ्या लक्षातही येऊ नये! लाज वाटली, आणि हसूही येत होतं.

"परत एकदा घे ना," ते हळूच म्हणाले.

"आता कशाला? समोर तर बसलायत. बोट सुटायला लागली की घेईन."

तासाभराने पुढचं बेट आलं. साखळ्या वाजल्या. यांनी पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं, चष्मा ठेवला, बाटली उचलली. बाटली काठोकाठ भरलेली होती. जिन्याच्या तोंडाशी जाऊन हे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी हाक मारली.