सुतळ्यांची भिंत

साल दोन हजार पंचवीस, माझं वय त्र्याहत्तर. डिंभ्याला एसटी आली आणि कंडक्टरनं खिडकीतूनच हाक दिली, "मिस्त्री, तुमचं मुरली सर गेलं की!" मी गाडीत चढलोच नाही. आधी राग आला तो सरांचाच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस, आणि माझ्याआधी जातो...

सर आमच्या हायस्कुलात कार्यानुभव शिकवायचे. मी सुतार, शाळा चौथीपर्यंत. पोरांना रंधा धरायला शिकवा म्हणून त्यांनी बोलावलं, तर मी ऐटीत तण काढायच्या हातकोळप्याचा दांडा करून नेला. सरांनी तो उभा धरला. "कोणाच्या मापाचा?"

"माझ्या. तीस वर्षं ह्याच मापाचं करतोय."

"घरी कोळपतं कोण?"

"मंडळी."

"मग त्यांचे खांदे तुमच्याच दांड्यानं दुखतात, मिस्त्री."

पोरांपुढं! आठ दिवस शाळेकडं फिरकलो नाही. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "सर येऊन सुतळीनं माप घेऊन गेलं, जमिनीपासून कोपरापतुर. तुमी तीस वर्षांत इचारलं नाय." चार बोटं दांडा कापला. तिचं खांद्याला तेल चोळणं त्या साली थांबलं.

सरांची रीतच ती. पोरांनी आधी घरच्या बाईचं माप घ्यायचं, सुतळीला तिच्या नावाची चिठ्ठी बांधून कार्यशाळेच्या भिंतीवर टांगायची, मगच लाकडाला हात लावायचा. मार्क सर देत नसत. महिनाभर वापरून ती बाई द्यायची. "आईनं तीनच दिले," म्हणत एक पोरगी रडत आली, तर सर म्हणाले, "आईला कुठं टोचतंय ते विचारून ये."

शाळेतल्या शोकसभेत हेडमास्तर गळा काढून सरांच्या वारशावर बोलत होते. मी उठून कार्यशाळेत गेलो. भिंत नवी कोरी, पिवळी. एक खिळा नाही. कपाटात आळेफाट्याहून विकत आणलेल्या शोभेच्या बैलगाड्या, तपासणीत दाखवायला. गाड्यांच्या बुडाला पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या, जणू त्यांनीच केल्यात.

"सुतळ्या कुठं हायेत?"

शिपाई खाली बघून म्हणाला, "सर रिटायर झालं तवाच जाळल्या, मिस्त्री. घाण दिसती म्हणलं हेडसर."

तसाच सभेत आलो. "आमच्या बायांची मापं जाळली, आन वर फोटूला हार घालता व्हय?"

"मिस्त्री, बसा. प्रसंग काय..."

"परसंग तुमी शिकवू नका मला!"

ज्यांच्या आयांच्या सुतळ्या त्या भिंतीवर होत्या, ते बाप्येसुद्धा मोबाइलमध्ये बघत बसले. सरांनी ह्यांनाच शिकवलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला अंगणात अनवाणी उभं केलं आणि सुतळी धरली. दांडा दोन बोटं जास्त भरला. म्हातारी वयानं खाली आली होती, आणि मला पुन्हा पत्ता नव्हता. आधी दांडा कापला. मग खिळा-हातोडी घेऊन शाळा गाठली, आणि बाहेर प्रार्थना चालू असतानाच त्या पिवळ्या भिंतीत खिळा ठोकून तिची सुतळी टांगली.