तीन वेळा सिंक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. भुतांवरच काय, त्या वयात माझा माझ्याशिवाय कुणावरच विश्वास नव्हता! आज मुलं मला मोबाईल शिकवतात आणि मी मुकाट शिकून घेते... पण तेव्हाची मी तुम्हाला भेटले असते, तर तुम्ही रस्ता बदलला असता.

केज तालुक्यातला एक सहकारी साखर कारखाना. नाव राहू द्या. शेतकी ऑफिसच्या मागची खोली, त्यात एक कॉम्प्युटर, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे सगळं काम कमांड टाइप करून, आणि त्याच्यासमोर मी. दुष्काळाचं साल. पाणी टँकरचं, वीज तिच्या मर्जीची आणि शेतात उभा ऊस वाळत चाललेला.

माझ्या आधी त्या खुर्चीत नाना होते. मशीनवरून उठायच्या आधी ते sync अशी कमांड द्यायचे. म्हणजे काय, तर मेमरीत नुसतं तरंगतंय ते सगळं डिस्कवर उतरव. एकदा दिली तरी पुरते. पण नाना तीनदा द्यायचे. चार अक्षरं आणि एन्टर अशा पाच टिचक्या, आणि तेच तीन वेळा. रिटायर होताना म्हणाले, "पोरी, एवढं इसरू नको."

मी बीडहून कोर्स करून आलेली! म्हटलं, "नाना, आता जर्नल असतं. काय करणार ते मशीन आधी टिपून ठेवतं, मग करतं. लाईट गेली तरी टिपण वाचून स्वतःला सावरतं. तुमचं हे आचमन कशाला?"

नाना नुसते हसले. मी त्याच दिवशी कमांड मारून आमच्या डिस्कवर जर्नल चालू केलं आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत हिंडले. कँटीनच्या चहावाल्यालासुद्धा.

तर ती दुपार. अमावस्या होती, हे मागाहून कळलं. ऊसतोडीचा क्रम ठरत होता. टोळ्या कमी, त्यामुळे ज्याचा नंबर मागे त्याच्या उसाचं सरपणच होणार. युसूफ वडगाव या गावच्या सोजरबाई सकाळपासून दाराला टेकून उभ्या. बाई एकटी, ऊस एकरभर, आणि विहीर सगळ्यांच्या आधी आटलेली. म्हणून पहिला नंबर त्यांचा, असं भांडून भांडून ठरलं. आमचे एक संचालक, अण्णा, त्यांना हे मुळीच पचलं नव्हतं, कारण मेहुण्याचा ऊस मागे गेला होता. त्या ओढाताणीत क्रमाचा कागद फाटला आणि वर चहाही सांडला. शेवटी लोक ओरडत होते तसं मी थेट मशीनवर घेतलं. शेवटची ओळ टाकली, सेव्ह केलं, ताडकन उठले आणि सगळ्यांकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून म्हणाले, "झालं!"

आणि लाईट गेली.

यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. अण्णांचा चेहरा मात्र उजळला.

"गेलं का समदं? आरं आरं... मग बसू की परत. पहिल्यापासनं!"

सोजरबाई पुढे आल्या. "बाई, माझा लंबर हाय ना त्याच्यात?"

"काळजी नको मावशी. जर्नल आहे."

"त्ये कोन?"

लाईट आली. मशीन उठलं ते रुसूनच. म्हणे, डिस्क बिघडलीय, ती तपासून दुरुस्त करायची fsck कमांड तूच चालव. चालवलं. एकेक प्रश्न यायला लागला... हे दुरुस्त करू? ते जोडू? लग्नात भटजी 'मम म्हणा' म्हणतात तसं मी न वाचता y, y, y दाबत सुटले. शेवटी मशीन सुरू झालं. फाईल जागेवर नाही! मागे अण्णा खुर्च्या मांडायला सांगतायत.

मग lost+found आठवलं. जत्रेत हरवलेल्या पोरांचा मंडप असतो ना, तशी ती जागा. नाव विसरलेल्या फायली तिथे नंबराचा बिल्ला लावून बसतात. आत एकच पोर होतं. cat कमांड देऊन आतला मजकूर पाहिला... पहिली ओळ सोजरबाई! आणि शेवटची ओळसुद्धा शाबूत.

"हाय का?" सोजरबाईंनी विचारलं.

"आहे!"

त्या तिथेच खाली बसल्या. अण्णांनी खुर्च्या परत नेल्या. आणि मी? मी जर्नलवर भाषण दिलं. आजही आठवलं की स्वतःचे कान पिळावेसे वाटतात.

सगळे गेल्यावर तपासलं. जर्नल मी चालू केलं होतं खरं... पण डिस्कच्या शेजारच्या रिकाम्या भागावर, दुसऱ्याच पार्टिशनवर! आमची फाईल होती तिथे जर्नल नव्हतंच. सेव्ह करताक्षणी लाईट गेलेली, म्हणजे ती फाईल डिस्कवर पोचायलाच नको होती. मग हिस्ट्री, म्हणजे दिलेल्या कमांडांची नोंद, उघडली. सगळ्यात शेवटी —

sync
sync
sync

मी टाइप केलं नव्हतं. मी पाठ करून हात पसरत होते. बाकी सगळे माझ्यासमोर; टेबलाच्या जवळपास फिरकल्या त्या फक्त सोजरबाई, आणि त्या तर शॉक बसंल म्हणून टेबलाला पदरही लागू देत नव्हत्या. शिवाय हिस्ट्री मशीनमधून नीट बाहेर पडल्यावरच लिहिली जाते. लाईट गेल्यावर त्यातलं एक अक्षरही तिथे असायला नको.

सोजरबाईंचा ऊस सगळ्यात आधी तुटला. दोन मोळ्या घेऊन आल्या. "ही तुला, आन् ही तुझ्या त्या जर्नलभाऊला."

दुसरी मोळी घेऊन मी रविवारी नांदूरघाटला नानांकडे गेले. त्यांच्या घरी कॉम्प्युटर सोडा, फोनही नव्हता. दारातच काकू सुरू झाल्या.

"बरं झालं आलीस. ह्यांला डाक्टरला दाव. अमुशाच्या दुपारी जेवता जेवता घास टाकला आन् पाटावर बोटं आपटाया लागले. टक टक टक टक टक... एकदा न्हाई, तीनदा! म्या म्हनलं, कावून? तर म्हन्ले, पोरगी तशीच उठली."

नाना शेंगा सोलत होते.

"लाईट गेलती का गं?"

"हो."

"आन् तुझं जर्नल?"

"दुसऱ्याच पार्टिशनवर होतं."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि काकूंना पाणी आणायला पळावं लागलं.

पुढे मी शिकलेल्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं, सवयीनं तूच दाबलं असशील. अहो, नानांना हिणवायला मी ती सवय लागूच दिली नव्हती! नाना गेले, ते काही न सांगता. मला आजवर उलगडा झालेला नाही.

हे लिहून झालं तेव्हा पोस्ट टाकायच्या आधी मी टेबलावर बोटं आपटत होते. लेक म्हणाली, "आई, ते आपोआप सेव्ह होतं."

मी नुसती हसले.